मेणवलीच्या वाड्यात एसी नाही, तरी गार कसं वाटतं?

मेणवलीला येणारा जो तो घाटावरच्या पोर्तुगीज घंटेचा फोटो काढतो (१७०७ सालची आहे, वसई जिंकल्यावर इकडे आली), नाना फडणवीसांच्या वाड्यात एक चक्कर टाकतो आणि वाईला जेवायला पळतो. मी गेलो ते मे महिन्यात, भर दुपारी. बाहेर फरशीवर पाय ठेववत नव्हता आणि दिंडीतून, म्हणजे मोठ्या दरवाज्यातल्या छोट्या दारातून, वाकून आत शिरलो तर सोप्यात (चौकाकडे उघड्या असलेल्या ओसरीत) चक्क गार. पंखा नाही काही नाही.

यातली अर्धी करामत चौकाची, म्हणजे वाड्याच्या मधल्या उघड्या अंगणाची. रात्री चौकातली फरशी आणि वरची कौलं आपली उष्णता उघड्या आभाळाकडे सोडून देतात, त्यांना लागून असलेली हवा गार होते, गार हवा जड म्हणून ती खाली चौकात साठते आणि तिथून सोप्यात, माजघरात सरकते. दुपारी उलटं. ऊन डोक्यावर आलं की चौकातली हवा तापून वर जाते आणि तिची जागा भरायला सावलीतल्या खोल्यांमधून हवा ओढली जाते. म्हणजे झुळूक फुकटात!

उरलेलं काम भिंतींचं. फूटभर जाडीची मातीची भिंत बाहेरून तापली तरी ती ऊब आतल्या बाजूला पोचायला आठ-दहा तास लागतात, तोवर संध्याकाळ होऊन बाहेरच गार झालेलं असतं. आपली सहा इंची भिंत चारलाच आतून भाजायला लागते.

मला सगळ्यात आवडतो तो तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड. लाकूड म्हणजे उभ्या बारीक नळ्यांची जुडी, ओल्या जमिनीवर टेकवलं की पाणी आपोआप वर चढणार, मग खांब कुजणार आणि वाळवीलाही आयती वाट. आपला काळा दगड घट्ट, पाणी फारसं पितच नाही, म्हणून मध्ये तो. कुणीतरी एवढासा विचार केला म्हणून सागाचे खांब दोन-दोनशे वर्षं उभे.

आणि चुना. चुनखडी भाजायची, पाण्यात विझवायची, घाण्यात मळायची, मग भिंतीवर बसलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू घेत पुन्हा दगड होत जातो. पण त्यात बारीक छिद्रं राहतात, त्यामुळे जमिनीतून भिंतीत चढलेली ओल बाहेर निघून जाते. सिमेंट तसं होऊ देत नाही. एका ओळखीच्यांनी जुन्या वाड्याला हौसेनं सिमेंटचा गिलावा केला, दोन पावसाळ्यांत खालून तीन फुटांपर्यंत पोपडे, कारण कोंडलेल्या पाण्यातले क्षार गिलाव्यामागे साचून त्यालाच ढकलतात. मी म्हटलं खरवडून चुना लावा, तर म्हणे चुन्याला वेळ फार लागतो. यंदा वॉटरप्रूफ पेंट मारणारेत.