घरून उघडा कारखान्यातला लिनक्स कॉम्प्युटर – ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कॉम्प्युटर अक्कलकोट रोड एमआयडीसीत आणि आपण जुळे सोलापुरात. टॉवेलचा स्टॉक बघायला दर वेळी गाडी काढायची गरज नाही. त्याच मशीनचा डेस्कटॉप घरच्या लॅपटॉपवर उघडतो. आम्ही त्यासाठी एक्सआरडीपी हा लिनक्सचा डेस्कटॉप दुरून उघडू देणारा प्रोग्रॅम वापरतो, कारण विंडोजमध्ये त्याला लागणारा प्रोग्रॅम आधीच असतो. विंडोज होम असली तरी चालते. हे पत्रक उबंटू या लिनक्सच्या 22.04 आणि 24.04 आवृत्त्यांसाठी आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप कराव्यात.

आधी सेटिंग्जमध्ये उबंटूचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप चालू असेल तर बंद करा. तेही 3389 हाच पोर्ट (नेटवर्कवरून आत येण्याचा क्रमांकित दरवाजा) धरतं आणि मग दोघांत भांडण होतं. त्यानंतर:

सुडो एपीटी इन्स्टॉल एक्सआरडीपी
सुडो ॲडयूजर एक्सआरडीपी एसएसएल-सर्ट
सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एक्सआरडीपी

दुसरी ओळ गाळू नका. तिच्यामुळेच एक्सआरडीपीला सुरक्षा प्रमाणपत्राची किल्ली वाचता येते. फायरवॉल (बाहेरच्या जोडण्या अडवणारी भिंत) चालू असेल तर फक्त ऑफिसच्या नेटवर्कला वाट द्या:

सुडो यूएफडब्ल्यू अलाऊ फ्रॉम 192.168.1.0/24 टू एनी पोर्ट 3389 प्रोटो टीसीपी

तुमच्या राउटरचे आकडे वेगळे असू शकतात, तेव्हा आधी तपासा. राउटरमध्ये या मशीनचा आयपी पत्ता कायमचा राखून ठेवा, नाहीतर राउटर बंद-चालू झाल्यावर कालचा पत्ता आज लागणार नाही. मग लॅपटॉपवर रिमोट डेस्कटॉप कनेक्शन उघडायचं, पत्ता टाकायचा (ऑफिसच्या नेटवर्कवर असताना हा, घरून जोडताना खाली सांगितलेला टेलस्केलचा) आणि लिनक्सचं नाव-पासवर्ड द्यायचा. झालं.

झालं, पण पडदा काळा? पासवर्ड बरोबर असूनही क्षणभर काळा पडदा दिसतो आणि खिडकी बंद होते. अशा वेळी लोक पासवर्ड बदलत बसतात. दोष बहुधा तिथे नसतो. तोच युजर ऑफिसच्या मशीनवर आधीच लॉगिन असतो. एक्सआरडीपी समोरच्या स्क्रीनवरचं काम दाखवत नाही, त्याच युजरसाठी दुसरा डेस्कटॉप सुरू करू पाहतं, आणि एकाच युजरचे दोन डेस्कटॉप उबंटूला झेपत नाहीत. म्हणून संध्याकाळी निघताना स्क्रीन नुसता लॉक करू नका, लॉगआउट करा. त्याहून बरं म्हणजे घरून वापरण्यासाठी वेगळा युजर ठेवा.

घरून काम करताना खिडकी नुसती बंद केलीत तर आतलं काम चालूच राहतं आणि पुन्हा जोडल्यावर तिथूनच पुढे सुरू होतं. मात्र मध्येच रंगांची सेटिंग 32 बिटवरून 16 वर नेली, तर जुन्याऐवजी नवाच डेस्कटॉप उघडतो. आधीच्या फायली गेलेल्या नसतात. जुनी सेटिंग लावा, त्या दिसतील.

नेट संथ असेल तर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाकून घ्या. मराठी टायपिंगचा कीबोर्ड लिनक्सच्या आत निवडा आणि लॅपटॉपचा इंग्रजीतच राहू द्या, नाहीतर भलतीच अक्षरं उमटतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. राउटरमधून 3389 पोर्ट इंटरनेटवर उघडा सोडू नका. उघडे पोर्ट शोधून पासवर्ड आजमावणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस फिरत असतात. शिवाय अनेक ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी नसतोच, त्यामुळे पोर्ट उघडूनही बाहेरून काही पोहोचत नाही. त्याऐवजी दोन्ही मशीनवर टेलस्केल हा आपल्याच मशीनचं खाजगी नेटवर्क जोडणारा प्रोग्रॅम टाका आणि त्याने कारखान्यातल्या मशीनला दिलेला 100 ने सुरू होणारा पत्ता वापरा. राउटरला हात लावावा लागत नाही.

मशीन झोपलं तर बाहेरून उठत नाही, म्हणून ही ओळ चालवा:

सुडो सिस्टिमसीटीएल मास्क सस्पेंड.टार्गेट

लाईट जाऊन आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं यासाठी बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परतल्यावर चालू होण्याची सेटिंग करा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डने कुलूपबंद असेल तर मात्र ते सुरू होऊन पासवर्डसाठी तिथेच थांबेल, आणि तो पासवर्ड द्यायला कोणाला तरी कारखान्यात जावंच लागेल.

आम्हाला फोन करण्यापूर्वी व्हार/लॉग या फोल्डरमधली एक्सआरडीपी-सेसमन.लॉग ही फाईल उघडून शेवटच्या वीस ओळींचा फोटो काढून ठेवा. त्या ओळी दिसल्या की निम्मं काम फोनवरच होतं.