टाक्यांपेक्षा लेंड्या मोजा

आमचा बोंडू हा गिनी पिग आहे. रंग पिकलेल्या काजूच्या बोंडासारखा तांबूस, म्हणून मुलाने ठेवलेलं नाव. गेल्या श्रावणात त्याच्या मूत्राशयातून हरभऱ्याएवढा खडा काढावा लागला. रत्नागिरीत गाईम्हशींचे, कुत्र्यामांजरांचे डॉक्टर आहेत. पण किलोभरही वजन नसलेल्या जिवाला भूल देऊन पोट उघडायचं म्हटल्यावर आम्हाला कोल्हापूर गाठावं लागलं. पहाटे निघालो, साखरप्याला चहा घेतला, धुक्यातून आंबा घाट चढलो. संध्याकाळी डॉक्टरबाईंनी बोंडूला टॉवेलात गुंडाळून हातात दिलं. मी लगेच त्याचं पोट वर करून टाके बघायला लागले, तशा त्या म्हणाल्या, “टाके मी घातलेत, ते धरतील. तुम्ही घरी जाऊन लेंड्या मोजा.”

ज्युनियर कॉलेजात मी बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवते. शाकाहारी प्राण्यांचं अंधांत्र, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी, फळ्यावर कितीदा काढलं असेल, त्याची गणती नाही. तरी या वाक्याचा अर्थ मला घाट उतरताना लागला.

आपल्याला ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात, कारण भुलेत उलटी झाली तर अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. गिनी पिगला उलटी होतच नाही. त्यामुळे त्याला रात्रभर उपाशी ठेवण्यात फायदा काही नाही आणि तोटा मोठा. गालात घास साठवायची खोड असते, म्हणून भुलेआधी थोडा वेळ खाणं काढून घेतात आणि तोंड साफ करतात, इतकंच. आम्ही जाताना गाडीत गवताची पिशवी आणि काकडीच्या फोडी नेल्या होत्या. तो जाताना निम्म्या वाटेपर्यंत खात होता. येताना त्याने काकडीकडे पाहिलंही नाही.

हे न पाहणंच धोक्याचं. गिनी पिगचं पोट म्हणजे अखंड चालू असलेली भट्टी. गवतातला चोथा त्याला स्वतःला पचवता येत नाही; ते काम अंधांत्रातले जंतू आंबवण करून करतात. ही पिशवी इतकी मोठी, की आतड्यांतल्या एकूण ऐवजाचा अर्ध्याहून जास्त भाग एकट्या तिच्यात असतो. वरून चोथा येत राहिला की आतडं हलतं राहतं. खाणं थांबलं की आतडं मंदावतं, आतला माल सुकतो, जंतूंचा समतोल बिघडतो, वायू धरतो. वायूने पोट दुखतं. दुखलं की तो आणखीच खात नाही. भूल, दुखणं, अनोळखी जागा, गाडीचे धक्के, यातलं कोणतंही एक कारण हे चक्र सुरू करायला पुरतं; बोंडूच्या वाट्याला एका दिवसात चारही आली होती. शिवाय उपाशी शरीर साठवलेली चरबी काढायला लागतं आणि ती यकृतात जमते. जाड्या गिनी पिगला हा धोका जास्त. म्हणून जखम उत्तम असूनही ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत हे प्राणी दगावू शकतात.

तर लेंडी म्हणजे भट्टी पेटती असल्याचा पुरावा. पिंजऱ्यात पांढरं कापड घातलं, कारण भुशावर लेंडी दिसत नाही आणि भुसा जखमेला चिकटतो तो वेगळाच. सासूबाईंचं जुनं सुती लुगडं त्यासाठी फाडलं. कडेचे सुटे धागे पायात अडकू नयेत म्हणून दुमडून शिवलं. रात्री साडेदहापर्यंत कापड कोरं.

डॉक्टरबाईंनी आजारी शाकाहारी प्राण्यांसाठी मिळते ती चोथ्याची पूड दिली होती. ती कोमट पाण्यात कालवायची. पूड नसेल तर गिनी पिगच्या रोजच्या गोळ्या भिजवून मिक्सरमधून काढल्या तरी वेळ भागते. वाटीतला हिरवट लगदा बघून सासूबाई म्हणाल्या, “अगो, पेजच की ही!” दिसायला पेजच. पण तांदळाची खरी पेज मात्र त्याला चालत नाही. आपल्या आजारपणात पेज गुणाची, कारण तिला पचवायला काही लागत नाही. इथे नेमकं उलट हवं: आतड्याला काम देणारा चोथा. नुसता स्टार्च गेला तर नको त्या जंतूंना मेजवानी.

हिशेब असा. किलोमागे दिवसाला साधारण 50 ते 80 मिली पातळ खाणं. बोंडू 940 ग्रॅमचा, म्हणजे 55 मिलीच्या आसपास; सहा वेळा दिलं तर एका खेपेला नऊ मिली. एक मिलीची सुई नसलेली सिरिंज घ्यायची. प्राण्याला उताणा करायचा नाही, मांडीवर नेहमीसारखा बसवायचा, नाहीतर लगदा फुप्फुसात जाईल. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथे बाजूने टोक सरकवायचं आणि अर्धा मिली सोडून थांबायचं. तो चावतो, गिळतो, मग पुढचा अर्धा. घाई केली की तोंडाच्या कडेने सगळं बाहेर. पहिल्या खेपेला नऊ मिली जायला पाऊण तास लागला आणि त्यातलं निदान दोन मिली माझ्या गाऊनवर होतं.

पहाटे साडेतीनला तिसरी खेप देताना कापडावर एक लेंडी दिसली. बारीक, कोरडी, एका टोकाला निमुळती. चांगली लेंडी लांबट, दोन्ही टोकांना गोल आणि जराशी ओलसर असते. ही तशी नव्हती. पण होती. मी नवऱ्याला उठवून ती दाखवली. त्याने लेंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि परत झोपला.

दुसऱ्या दिवशी शेजारचे काका विचारपूस करायला आले. घरात उरलेली अ‍ॅमॉक्सिसिलिनची पट्टी घेऊन आले होते. “पाव गोळी द्या, जखम पिकायची नाही.” हेतू शंभर टक्के चांगला. आणि त्या पाव गोळीने बोंडू बहुधा मेला असता. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं तोंडाने दिली की अंधांत्रातले उपयोगी जंतू मरतात आणि रिकाम्या जागेत क्लॉस्ट्रिडियमसारखे विष सोडणारे जंतू माजतात. पेनिसिलिन गिनी पिगला मारक ठरतं, याची नोंद 1943 साली झाली. गंमत अशी की मे 1940 मध्ये ऑक्सफर्डला पेनिसिलिनची पहिली महत्त्वाची चाचणी आठ उंदरांवर झाली. त्या दिवशी पिंजऱ्यात गिनी पिग असते, तर कदाचित हे औषध विषारी म्हणून बाजूला पडलं असतं. गिनी पिगला चालणारी प्रतिजैविकं आहेत, पण ती निवडायची डॉक्टरांनी. काकांना मी चहा दिला आणि पट्टी परत दिली.

दुखण्याबद्दल आपल्याकडे एक गैरसमज पक्का आहे: जनावर ओरडत नाही म्हणजे दुखत नाही. गिनी पिगच्या रानटी भाऊबंदांच्या मागे दक्षिण अमेरिकेत कोल्हे आणि शिकारी पक्षी असत; दुखणं दाखवणारा पहिला उचलला जायचा. म्हणून ते दाखवत नाहीत. पाठीची कमान, फुगलेले केस, अर्धे मिटलेले डोळे, दात कराकरा घासणं, कोपऱ्याकडे तोंड करून बसणं, ही त्यांची भाषा. वेदनाशामक सिरप ठरल्या वेळी द्यायचंच, “आता बरा दिसतोय” म्हणून चुकवायचं नाही, कारण दुखणं परतलं की आतडं थांबतं. मात्र आपल्या घरातल्या तापाच्या-अंगदुखीच्या गोळ्या कधीच नाहीत.

आता हवेचं. भुलेतून उठणाऱ्या एवढ्याशा शरीराची ऊब झपाट्याने जाते, म्हणून पहिल्या रात्री गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्याच्या एकाच बाजूला ठेवली. नकोसं झालं तर त्याला सरकता यावं. पण दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला, ऊन पडलं आणि दुपारी लाइट गेली. कोकणातला श्रावणातला तो उबारा तुम्हाला माहीत आहेच, वाळत घातलेला रुमालसुद्धा घामेजतो. अँडीजच्या थंड कोरड्या डोंगरांतून आलेल्या प्राण्याला 18 ते 24 अंश मानवतात. सत्तावीस-अठ्ठावीसच्या वर, त्यात दमट हवा, म्हणजे उष्माघाताची भीती. रात्री शेकत ठेवलेल्या त्याच पिंजऱ्यात दुपारी बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली. तीही एकाच बाजूला.

माश्या हा पावसाळ्यातला खरा शत्रू. मूत्राशयाच्या ऑपरेशननंतर काही दिवस लघवीत थोडं रक्त येऊ शकतं, मागचा भाग ओला राहतो, आणि ओल्या केसांत माशीने अंडी घातली की दिवसभरात अळ्या. बाळाची छत्रीसारखी मच्छरदाणी पिंजऱ्यावर घातली, लुगड्याचे तुकडे दिवसातून चारदा बदलले. मुंग्यांसाठी टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. दुधाच्या कपाटाला आमच्याकडे पूर्वी असंच करत.

गळ्यात कुत्र्याला घालतात तसा प्लास्टिकचा कॉलर डॉक्टरबाईंनी दिला नव्हता. कॉलर घातला की गिनी पिग बिथरतो आणि खाणं सोडतो. शिवाय तो दिवसातून अनेकदा मागे वळून स्वतःची मऊ लेंडी थेट तोंडात घेतो. किळस वाटेल, पण अंधांत्रात जंतूंनी तयार केलेली ब जीवनसत्त्वं आणि प्रथिनं त्याला अशी दुसऱ्या फेरीत मिळतात. कॉलर ही फेरी बंद करतो.

जखम भरण्याबाबत या प्राण्याचं आणि आपलं एक जुनं नातं आहे. गाय, शेळी, मांजर आपापल्या यकृतात क जीवनसत्त्व बनवतात. माणूस, वानरं, काही वटवाघळं आणि गिनी पिग यांच्यात ते बनवण्याच्या शेवटच्या पायरीचं विकर (एन्झाइम) तयार करणारं जनुक बिघडलेलं आहे. 1907 मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख हे शास्त्रज्ञ बेरीबेरीचा, म्हणजे ब जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराचा, अभ्यास करत होते. त्यांनी गिनी पिगना नुसत्या धान्यावर ठेवलं, तर त्यांना झाला स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, खलाशांना व्हायचा तसाच! त्यातून स्कर्व्हीसाठी प्रयोगाचा प्राणी हाती आला आणि पुढे अल्बर्ट संत-ग्योर्गी या शास्त्रज्ञांना ज्या कामासाठी 1937 चं नोबेल मिळालं, त्या क जीवनसत्त्वाची ओळख गिनी पिगवरच पटली. टाके फक्त कडा जवळ धरतात. त्या सांधणारा धागा म्हणजे कोलॅजन, आणि तो क जीवनसत्त्वाशिवाय नीट वळला जात नाही. निरोगी गिनी पिगला किलोमागे रोज 10 मिलिग्रॅम पुरतं, आजारपणात 30 पर्यंत लागतं. शंभर ग्रॅम हिरव्या ढोबळी मिरचीत साधारण 80 मिलिग्रॅम असतं, म्हणजे बोंडूला मिरचीचा एक बरासा तुकडा. पेरूत दुपटीहून जास्त, पण साखरही, म्हणून चतकोर फोडच. पाण्यात मिसळलेलं क जीवनसत्त्व काही तासांत निकामी होत जातं. थेंब सिरिंजने सरळ तोंडात द्यावेत.

सासूबाईंचा आवडता शेवग्याचा पाला मात्र आम्ही बंद केला. गिनी पिग खाण्यातलं कॅल्शियम सढळ हाताने शोषतो आणि जास्तीचं लघवीतून टाकतो, म्हणून त्याची लघवी निरोगीपणीही दुधाळ दिसते. खडे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचे. सगळा दोष पाल्याच्या माथी मारता येणार नाही, पाणी कमी पिणं हेही कारण असतं. पण ऑपरेशन झालेल्याला शेवगा आणि लसूणघास नकोच.

गवताचं म्हणाल तर उडवीतला पेंढा पावसात बुरसतो, आणि बुरशीची पूड नाकात गेली की श्वासाचा आजार. वाळलं गवत आम्ही पत्र्याच्या बंद डब्यात ठेवतो. श्रावणात दूर्वा मात्र हव्या तितक्या; रस्त्याकडेच्या आणि फवारणी झालेल्या बागेतल्या सोडून. धुवायच्या, सावलीत निथळायच्या. दातांसाठीही गवत लागतंच, कारण त्याचे वीसही दात जन्मभर वाढतात आणि चावल्यानेच झिजतात.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज सकाळी वजन. 940, मग 905, तिसऱ्या दिवशी 880. दहा टक्क्यांची रेघ मी 846 वर मारली होती. तिच्याखाली गेला तर सामान न बांधता घाट चढायचा. चौथ्या दिवशी 886. त्याच दुपारी कुणीतरी फ्रीज उघडला आणि पिंजऱ्यातून खाऊ मागायची शिट्टी आली, थोडी घोगरी. टाक्यांजवळ लहानशी घट्ट गाठ होती, तशी असते. लाली, ओल आणि वास नव्हता.

गरा, त्याचा भाऊ, एवढे दिवस जाळीपलीकडे होता. जाळी काढायची नाही, पण वास येत राहू द्यायचा, नाहीतर परतल्यावर ते एकमेकांना परके होतात. चौदाव्या दिवशी, वजन 935, आम्ही दोघांना हॉलमध्ये नव्या चादरीवर सोडलं. सासूबाई तिथेच बसून गणपतीसाठी दूर्वांच्या जुड्या बांधत होत्या, एकवीस-एकवीसच्या. भावाला हुंगून झाल्यावर बोंडू थेट परातीकडे गेला आणि बांधलेली जुडी ओढून खायला लागला. “मेल्या, देवाच्या आधी?” म्हणत त्यांनी दुसरी बांधायला घेतली आणि उरलेल्या सुट्या दूर्वा गऱ्यापुढे सरकवल्या.