कुपी क्रमांक ५३-एन

महाराष्ट्रात प्लेग म्हटला की रँड आठवतो, २२ जून १८९७ ची गणेशखिंड आठवते, रुग्णसेवा करता करता त्याच वर्षी १० मार्चला गेलेल्या सावित्रीबाई आठवतात. प्लेगवरची पहिली लस याच साथीत मुंबईत तयार झाली, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात नसते. पुढे या लसीच्या एका कुपीवरून तिच्या कर्त्याला हिंदुस्थान सोडावा लागला, ते तर परळच्या हाफकिन संस्थेवरून रोज जाणाऱ्यांनाही ठाऊक नसते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातल्या तापाच्या रोग्यांना प्लेग झाला आहे, हे पहिल्यांदा ओळखले ते मूळ गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. वाल्डेमार हाफकिन तेव्हा कलकत्त्याकडे कॉलऱ्याच्या लसीचे काम करत होते. जन्म १८६० चा, ओडेसाचा, धर्माने यहुदी, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेले. डॉक्टरकीची पदवी त्यांच्याकडे नव्हती. ते जीवशास्त्राचे माणूस, आणि लष्करी डॉक्टरांच्या हाती असलेल्या सरकारी वैद्यक खात्यात ही गोष्ट शेवटपर्यंत खुपत राहिली. ऑक्टोबरात ते मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि तिच्या बाहेरचा व्हरांडा मिळाला; हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिन्यांत लस तयार झाली.

ती कशी होत असे हे नीट पाहायला हवे, कारण पुढचा सगळा वाद त्या कृतीतच दडलेला आहे. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचे पाणी लागते. गोमांस किंवा डुकराचे मांस वापरले असते तर लस कोणीच टोचून घेतली नसती, म्हणून बोकडाचे मांस घेत. ते बारीक करून हायड्रोक्लोरिक आम्लात पचवायचे, कॉस्टिक सोड्याने आम्लपणा मारायचा, गाळायचे आणि मोठ्या काचेच्या चंबूंत भरून निर्जंतुक करायचे. मग युक्ती तुपाची. पाण्यावर तुपाचे थोडे थेंब तरंगत ठेवले की जंतू त्या थेंबांना खालून धरतात आणि वडाच्या पारंब्यांसारखे खाली लोंबत वाढतात. चंबू अजिबात हलता कामा नये. जरा धक्का लागला तरी पारंब्या तुटून तळाशी बसतात. काही दिवसांनी मुद्दाम हलवून त्या पाडायच्या, म्हणजे वर नवे पीक धरते. असे पाच-सहा आठवडे चाले. या पारंब्या म्हणजे शुद्धतेची खूणही होती, कारण दुसरा जंतू शिरला तर वाढीचे रूप बिघडते आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसते. शेवटी चंबू ६५ ते ७० अंश सेल्सिअसला तासभर तापवून जंतू मारायचे, शेकडा अर्धा टक्का जंतुनाशक कार्बोलिक आम्ल घालायचे आणि लस छोट्या कुप्यांत भरून बूच बसवायचे.

१० जानेवारी १८९७ ला हाफकिननी स्वतःला १० घनसेंटिमीटर लस टोचून घेतली. पुढे लोकांना देत त्याच्या तिपटीहून ही मात्रा जास्त होती. ताप आला, टोचल्या जागी ठणका लागला, पण निभावले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. लस न घेतलेल्यांत १२ जण आजारी पडले, ६ दगावले. घेतलेल्यांत टोचणीच्या वेळीच रोग अंगात असलेले वगळले तर दोघे आजारी पडले, मेले कोणी नाही. आकडे छोटे आहेत. त्याहून चोख पुरावा फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदा संस्थानातल्या उंधेरा गावाने दिला. तिथे घराघरांतली निम्मी माणसे टोचली, निम्मी तशीच ठेवली. घर तेच, अन्न तेच, उंदीरही तेच. नंतर प्लेग ज्या २८ घरांत शिरला, तिथल्या ७१ टोचलेल्यांपैकी ८ आजारी पडले व ३ गेले; ६४ न टोचलेल्यांपैकी २७ आजारी पडले व २६ गेले. आज अशी चाचणी कोणतीही नीतिसमिती मंजूर करणार नाही, पण एवढी स्वच्छ तुलना त्या काळात जगात फार थोड्या ठिकाणी झाली होती.

सक्तीला हाफकिन यांचा विरोध होता. घरांत शिरून झडत्या घेणारी रँडशाही आणि ही टोचणी एकाच सरकारच्या दोन वाटा होत्या. लोकांनी दोन्हींकडे एकाच संशयाने पाहिले, त्यात नवल काही नाही. खोजांचे धर्मगुरू आगाखान यांनी चारचौघांत स्वतःला टोचून घेतले आणि प्रयोगशाळेला आपला खुश्रू लॉज दिला, तेव्हा खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले. १० ऑगस्ट १८९९ ला प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. ती आजही तिथेच आहे.

१९०२ मध्ये पंजाब सरकारने प्रांतभर टोचणीचा बेत आखला आणि परळवर मागणीचा डोंगर कोसळला. सहा आठवडे पारंब्यांची वाट पाहण्याइतका वेळ आता कोणाकडे नव्हता. हाफकिननी कृती बदलली. जंतू आगरच्या, म्हणजे समुद्री शेवाळापासून होणाऱ्या जेलीसारख्या पदार्थाच्या, घट्ट थरावर वाढवायचे, म्हणजे पीक काही दिवसांत येते. ते पाण्याने धुऊन घ्यायचे, तापवायचे, भरायचे. या नव्या कृतीत कार्बोलिक वगळले होते.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबच्या गुजरात जिल्ह्यातले मुल्कोवाल, आता पाकिस्तानात. त्या दिवशी १०७ जणांना लस दिली गेली. पाच कुप्या लागल्या. आठवडाभराने त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळे मेले. ते एकोणीसही ५३-एन या एकाच कुपीतून टोचलेले होते. उरलेल्या ८८ जणांना काही झाले नाही.

ही कुपी परळला ४१ दिवस आधी भरली होती. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. कुपी उघडण्याआधीच दूषित झाली होती, असा त्याचा निष्कर्ष निघाला, आणि कार्बोलिक वगळल्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यांना कामावरून दूर केले गेले. १९०४ मध्ये त्यांनी देश सोडला.

आता पुरावा पाहा. धनुर्वाताचा जंतू हवेशिवाय वाढतो, तेव्हा बूच लावलेली कुपी त्याला सोयीचीच. त्याची बीजे, म्हणजे टणक कवचातली सुप्त रूपे, ७० अंशांना मरत नाहीत, म्हणजे परळचे तापवणेही त्यांना पुरे पडले नसते. आयोगाचा तर्क इथवर बरोबर आहे. पण ४१ दिवस, तेही मुंबईच्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उष्म्यात, जंतू आत वाढत असता तर कुपीला कुजका वास सुटला असता. कुपी उघडणाऱ्या डॉक्टरला कसलाच वास आला नाही आणि तशी त्याची साक्ष नोंदलेली आहे. शिवाय इतक्या दिवसांत आत भरपूर विष साचले असते, आणि तयार विष टोचले गेले तर लक्षणे आठवडाभर थांबत नाहीत. आठवड्याचा अवकाश बीजे अंगात गेल्यानंतर तिथे रुजण्याचा आहे.

मग बीजे आली कुठून? बूच काढायचा चिमटा त्या सकाळी मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. गुराढोरांचे शेण तुडवलेली गावची माती म्हणजे धनुर्वाताचे घरच. चिमटा ज्योतीवर धरून तापवायला हवा होता. तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता खळबळून घेतला गेला. तेवढ्याने ही बीजे मरत नाहीत. मग त्याच चिमट्याने ५३-एनचे बूच निघाले. उरलेल्या लसीत पुढे तपासणीत धनुर्वाताचे जंतू सापडले, यावर आयोगाचा बराच भर होता. पण आजारच आठवड्याने दिसला, म्हणजे तपासणीपर्यंत ती उघडलेली कुपी त्याहून अधिक दिवस जंतू वाढवत पडली होती.

कार्बोलिक वगळणे शहाणपणाचे नव्हते, असे माझे मत. अर्ध्या टक्क्याने बीजे मरत नसली तरी त्यांची वाढ रोखली जाते, आणि अनेक हात लागणाऱ्या, खेड्यापाड्यांत उघडणाऱ्या कुपीला तेवढे तरी कवच हवे. पण ही चूक आणि कुपीत धनुर्वात घालण्याचा आरोप यांत फार अंतर आहे. आयोगाने ते पुसून टाकले.

चौकशीचे कागद सरकारने प्रसिद्ध केले ते थेट डिसेंबर १९०६ मध्ये. ते वाचून मलेरियावरील कामासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस चवताळले. २९ जुलै १९०७ च्या लंडनच्या टाइम्समध्ये त्यांच्यासह दहा जंतुशास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र छापून आले: दोष सिद्ध झालेला नाही, उलट पुरावा मुल्कोवालकडे बोट दाखवतो. फ्रान्समधल्या ड्रेफस प्रकरणाची, म्हणजे एका लष्करी अधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून झालेल्या शिक्षेची, आठवण अनेकांना झाली. दोन्हीकडे आरोपी यहुदी होता. वर्ष संपता संपता सरकारने हाफकिन यांना परत बोलावले. परळ मात्र दिले नाही. कलकत्त्याला नेमणूक झाली, आणि लशीच्या नव्या चाचण्यांना फारसा वाव नव्हता.

मधल्या पाच वर्षांत पंजाबातली टोचणी बसली ती बसलीच. एकट्या १९०७ साली देशात प्लेगने दहा लाखांहून अधिक माणसे नेली. त्यातली किती लशीने वाचली असती याचा हिशेब करता येत नाही, पण उंधेऱ्याचे आकडे तेव्हाही सरकारदप्तरी होते.

परळची प्रयोगशाळा थांबली नाही. १९२५ पर्यंत तिथून सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या. त्याच वर्षी संस्थेला हाफकिन यांचे नाव दिले गेले. ते तेव्हा युरोपात होते. २६ ऑक्टोबर १९३० ला लोझान येथे वारले.