सान जेन्नारोचे रक्त पातळ का होते?

१६ डिसेंबर २०२० रोजी इटलीतील नेपल्सच्या कॅथेड्रलमध्ये सान जेन्नारो या संताचे कुपीत जपलेले गोठलेले रक्त दिवसभर वाट पाहूनही पातळ झाले नाही, आणि कोरोनाच्या त्या वर्षात ही बातमी अपशकुन म्हणून जगभर पोहोचली. रक्त पातळ झाले तर चमत्कार आणि न झाले तर संकटाची चाहूल, अशी समजूत घट्ट बसल्यामुळे मूळ प्रश्न मागे पडतो: गोठणारा, पातळ होणारा आणि पुन्हा गोठणारा हा पदार्थ कोणता असू शकेल?

परंपरा सांगते की जेन्नारो हे बिशप होते आणि रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या काळात, इ. स. ३०५ मध्ये, नेपल्सजवळच्या पोत्सुओली येथे त्यांचा शिरच्छेद झाला. रक्त पातळ झाल्याची पहिली नोंद मात्र १३८९ सालची, म्हणजे हजाराहून अधिक वर्षांनंतरची आहे. ज्या चांदीच्या करंडकात हे रक्त जपले आहे तो मूठ असलेल्या गोल आरशासारखा दिसतो. दोन्ही बाजूंना काच असून आत दोन कुप्या आहेत. मोठ्या कुपीत अर्ध्याच्या आसपास गडद तांबूस-तपकिरी पदार्थ आहे. वर्षातून तीनदा हा करंडक बाहेर काढतात आणि पदार्थ पातळ झालेला दिसताच पांढरा रुमाल हलवून भाविकांना कळवतात.

नुसते रक्त असे वागत नाही. त्याची गुठळी फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांची असते आणि ती मोडली की पुन्हा पूर्ववत होत नाही. १९९१ मध्ये लुइजी गार्लास्केल्ली, फ्रांको रामाच्चिनी आणि सेर्जो देल्ला साला या इटालियन संशोधकांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात वेगळा पर्याय मांडला. फेरिक क्लोराइड या लोहाच्या क्षाराच्या द्रावणात त्यांनी हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडू किंवा अंड्याच्या कवचातले द्रव्य, मिसळले. नको असलेले क्षार पातळ पडद्यातून पाण्यात निघून जाऊ दिले आणि शेवटी थोडे मीठ घातले. तयार झालेला तपकिरी द्रव तासाभरात जेलसारखा घट्ट झाला आणि हलक्या हाताने हलवताच पुन्हा वाहू लागला. हे सारे साहित्य मध्ययुगातही मिळत होते. फेरिक क्लोराइड तर नेपल्सजवळच्या व्हेसुव्हियससारख्या जागृत ज्वालामुखीवर खनिजरूपात सापडते.

या पाककृतीतले मला सर्वांत मोहवणारे काम मिठाचे आहे. द्रावणात लोहाच्या जलयुक्त ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. शाळेत शिकलेले कलिल ते हेच. प्रत्येक कणावर धनभार असल्याने कण एकमेकांना दूर लोटतात. मिठातले ऋणभारित क्लोराइड आयन कणांभोवती गोळा होतात, तेव्हा या अपकर्षणाचा पल्ला आखडतो आणि कण इतके जवळ येतात की व्हॅन डर वाल्स आकर्षण, म्हणजे अगदी जवळ आलेल्या कणांमधली क्षीण ओढ, त्यांना सैलसर धरून ठेवते. या सैल पकडींचे जाळे भांडेभर पसरते, पाणी त्यात अडकते आणि द्रव गोठल्यासारखा दिसतो. हलवले की पकडी सुटतात. स्थिर ठेवले की कण भटकत भटकत पुन्हा जोडले जातात. मीठ जास्त झाले तर मात्र अपकर्षण जवळजवळ संपते, कण कायमचे चिकटून तळाशी बसतात आणि खेळ तिथेच थांबतो. हलवले की पातळ आणि स्थिर ठेवले की घट्ट होण्याच्या या गुणधर्माला थिक्सोट्रॉपी म्हणतात, आणि १९२३ मध्ये तो ज्या पदार्थात प्रथम नोंदवला गेला तोही लोहाच्या ऑक्साइडचाच जेल होता. भिंतीचा रंग ब्रशखाली पातळ होतो आणि भिंतीवर ओघळत नाही, किंवा इमारतीच्या पायाच्या खांबांसाठी खणलेल्या खड्ड्यात ओतलेला बेंटोनाइट या चिकणमातीचा गारा हलायचा थांबला की घट्ट होतो, तेही याच कारणाने.

आता विधीकडे पुन्हा पाहावे. पदार्थ पातळ झाला की नाही हे पाहण्यासाठी करंडक वारंवार तिरका करतात, उलटाही करतात. म्हणजे तपासण्याची कृतीच पदार्थाला पातळ करू शकते. यात कोणाची लबाडी गृहीत धरावी लागत नाही. १९९५ मध्ये गणपती दूध पितो म्हणून रांगा लागल्या, तेव्हाही चमचा मूर्तीला टेकवणाऱ्यांच्या मनात फसवणूक नव्हती. टेकवलेल्या चमच्यातले दूध पृष्ठताणामुळे ओढले जाऊन मूर्तीवरून खाली ओघळत होते. श्रद्धेचा आदर राखूनही अशा घटनेला शकुन-अपशकुनाचा अर्थ चिकटवणे मला घातक वाटते, कारण त्यातून भीती पसरते.

कुपी मोहोरबंद आहे आणि आतला नमुना रासायनिक तपासणीसाठी काढलेला नाही, त्यामुळे हे स्पष्टीकरण सिद्ध झाले असे म्हणता येणार नाही. पण कुपी न उघडताही त्याची कसोटी घेता येईल. घट्ट झालेला पदार्थ असलेला करंडक न हलणाऱ्या चौथऱ्यावर ठेवावा, कोणीही त्याला हात लावू नये आणि कॅमेऱ्याने त्यावर सतत नजर ठेवावी. तापमान कायम असताना तो तिथे आपोआप पातळ झाला, तर थिक्सोट्रॉपीचे उत्तर मागे घ्यावे लागेल.