एनबीए ड्राफ्ट: नाव कधी द्यायचे, कधी मागे घ्यायचे आणि पिकचे व्यवहार कसे होतात

एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग आणि ड्राफ्ट म्हणजे तिच्या संघांनी दरवर्षी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याची पद्धत. भारतात खेळणाऱ्या मुलाला या ड्राफ्टसाठी दोन वाटा आहेत. ज्या वर्षी तो 22 वर्षांचा होतो, त्या वर्षी तो आपोआप पात्र ठरतो. अर्ज करावा लागत नाही. त्याआधी उतरायचे असेल, तर ड्राफ्टच्या त्या वर्षात (31 डिसेंबरपर्यंत) 19 पूर्ण व्हायला हवीत आणि तसे लेखी पत्र ड्राफ्टच्या किमान 60 दिवस आधी एनबीएकडे पोचायला हवे. अमेरिकेत बारावी केलेल्या किंवा तिथल्या कॉलेजात नाव घातलेल्या मुलाला मात्र परदेशी खेळाडूंचा नियम लागत नाही. त्याच्या बारावीच्या तुकडीला एक एनबीए हंगाम उलटून गेलेला असावा लागतो.

नाव मागे घेण्याची मुदत पालकांनी कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवावी. एनबीएची मुदत ड्राफ्टच्या 10 दिवस आधी संपते. कॉलेजकडून खेळत राहायचे असेल, तर एनसीएएची (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेची) मुदत त्याच्याही आधीची असते आणि तीच पाळावी लागते. नाव तसेच राहिले आणि कुणी निवडले नाही, तर मुलगा मोकळा. कोणताही संघ त्याला घेऊ शकतो, पण पुढच्या ड्राफ्टची संधी गेलेली असते.

म्हणून निर्णयाआधी एकच प्रश्न विचारा: पहिली फेरी की दुसरी? एकूण 60 पिक (म्हणजे निवडीच्या पाळ्या), प्रत्येक फेरीत 30. पहिल्या फेरीतल्या खेळाडूच्या करारात पहिली दोन वर्षे पक्की असतात, तिसरे-चौथे वर्ष संघाच्या मर्जीवर. दुसऱ्या फेरीत अशी कसलीच हमी नाही. पंजाबच्या सतनाम सिंगला डॅलस मॅव्हरिक्सने 2015 मध्ये 52 व्या क्रमांकावर घेतले. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. पण एनबीएच्या एकाही सामन्यात तो उतरू शकला नाही. नंबर लागला म्हणजे नोकरी लागली, असे समजू नका.

कोणत्या संघात जायचे, हे खेळाडूच्या हाती नसतेच. संघ आपले पिक सात वर्षे पुढचेही विकतात. अट एवढीच की पुढची सलग दोन वर्षे पहिल्या फेरीतल्या पिकविना राहता येत नाही. क्लीव्हलंड संघाचे मालक टेड स्टेपियन यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पिक उधळले, त्यातून हा नियम आला. त्यातही पळवाट आहे: एक वर्ष आड पिक द्यायचे आणि मधल्या वर्षी अदलाबदलीचा हक्क द्यायचा, म्हणजे दोघांच्या पिकांतले वरचे समोरच्या संघाने घ्यायचे. ब्रुकलिन नेट्सने 2013 मध्ये बोस्टनला नेमके हेच दिले: 2014, 2016, 2018 ची पिक आणि 2017 ची अदलाबदल. तेही वयस्क खेळाडू केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स यांच्यासाठी! बोस्टनला त्यातून पुढे जेलन ब्राउन आणि जेसन टेटम हे तरुण खेळाडू मिळाले. शहाणा संघ पिक देताना संरक्षण लावतो, म्हणजे पिक पहिल्या चारात आले तर ते आमच्याकडेच, असे लिहून घेतो. नेट्सने तेही केले नव्हते.

निवड झाल्यावर लागणारी कागदपत्रे: वैद्यकीय तपासणीचे अहवाल, खेळाडूंसाठीचा पी-1 व्हिसा आणि राष्ट्रीय महासंघाकडून फिबाचे (जागतिक बास्केटबॉल महासंघाचे) ना-हरकत पत्र. एजंट नेमायचा तर तो एनबीएच्या खेळाडू संघटनेकडे नोंदलेलाच हवा. भारतातल्या किंवा परदेशातल्या क्लबशी आधीच करार असेल, तर त्यातून बाहेर पडण्याचे कलम सही करण्यापूर्वी वकिलाकडून वाचून घ्या. करार सुटला नाही तर ना-हरकत पत्र अडते.