अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर : रंगमंचावरून पडद्यावर

टेनेसी विल्यम्स यांचे हे नाटक ३ डिसेंबर १९४७ रोजी ब्रॉडवेवर आले आणि पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. सर्वस्व गमावून न्यू ऑर्लिन्सला धाकट्या बहिणीच्या, स्टेलाच्या आसऱ्याला आलेली ब्लांश आणि स्टेलाचा नवरा स्टॅन्ली यांच्यातला संघर्ष हा त्याचा विषय. नाटक बसवणारे एलिया कझान यांनीच वॉर्नर ब्रदर्ससाठी १९५१चा चित्रपट केला.

महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी मंडळाकडून तपासून घ्यावी लागते. ब्रॉडवेवर तशी पद्धत नव्हती. जाच होता तो सिनेमाला. चित्रपट हा निव्वळ धंदा आहे, त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा १९१५चा निकाल होता. सरकारी कात्री टाळण्यासाठी हॉलिवूडने १९३०मध्ये स्वतःच आचारसंहिता केली आणि १९३४पासून जोसेफ ब्रीन यांचे कार्यालय ती काटेकोरपणे राबवू लागले.

ब्रीन यांचे मुख्य आक्षेप दोन. ब्लांशच्या दिवंगत पतीची समलैंगिकता पूर्ण गेली. चित्रपटात तो नुसता हळवा, दुबळा कवी उरला, त्यामुळे त्याची आत्महत्या काहीशी अधांतरीच वाटते. स्टॅन्लीने केलेला बलात्कार मात्र विल्यम्स आणि कझान सोडायला तयार नव्हते. तो फुटलेल्या आरशातून सुचवला गेला आणि बदल्यात स्टॅन्लीला शिक्षा ठरली. नाटकात स्टेला शेवटी त्याच्याच मिठीत असते. चित्रपटात ती बाळ घेऊन, परत येणार नाही म्हणत, वरच्या मजल्यावर शेजारणीकडे जाते. अर्थात याआधीही ती तिथूनच खाली आली होती. नियम पाळला गेला, शंका राहिली.

खरी खोट पुढे बसली. ‘लीजन ऑफ डीसन्सी’ या कॅथलिक संघटनेच्या निषेधाला घाबरून स्टुडिओने कझान यांना न विचारता सुमारे चार मिनिटे कापली. वर्गणी मागायला आलेल्या तरुणाला ब्लांश ‘तुझ्या ओठांवर चुंबन घ्यावंसं वाटतं’ अशा अर्थाचं म्हणते, त्या वाक्यातून ‘ओठांवर’ एवढाच भाग उडवला. जिना उतरणाऱ्या स्टेलाच्या चेहऱ्यावरची वासना दिसू नये म्हणून जवळची दृश्ये काढली, ॲलेक्स नॉर्थ यांचे संगीतही बदलले. कझान यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून जाहीर तक्रार केली.

चित्रपटाला चार ऑस्कर मिळाले. १९५२मध्ये न्यायालयाने जुना निकाल फिरवला. कापलेला भाग १९९३च्या आवृत्तीत परत जोडला गेला.