लसीकरणाच्या सर्व्हेसाठी एथिक्स कमिटीची परवानगी : अर्ज परत का येतो?

"नुसती प्रश्नावली भरून घ्यायची आहे, ना गोळी ना इंजेक्शन. मग एथिक्स कमिटी, म्हणजे संशोधनात भाग घेणाऱ्यांचं हित जपणारी समिती, कशाला?" संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांची नवी बॅच दर वर्षी हे विचारते. कारण आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं प्रश्नावलीलाही लागू आहेत. जोखीम अगदी कमी असेल तर पूर्ण बैठकीऐवजी झटपट पडताळणी होते, कधी सूटही मिळते. पण सूट द्यायची की नाही ते समिती ठरवते. "आमच्या गाइडनी सांगितलं लागत नाही" हे उत्तर चालत नाही.

समिती केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली हवी. आपल्या कॉलेजात समिती नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे जाता येतं, मात्र दोन्ही संस्थांत करार लागतो. त्यात वेळ जातो, तेव्हा सुरुवात तिथूनच करा.

प्रोटोकॉल (अभ्यासाचा आराखडा), बायोडाटा, खर्चाचा अंदाज, गाइड आणि विभागप्रमुखांच्या सह्या हे सगळे जमवतात. अडतं ते संमतीपत्रावर. इंग्रजी नमुना उचलून त्याचं मराठी केलेलं असतं: "सदर अभ्यासातील आपला सहभाग ऐच्छिक स्वरूपाचा असून..." पाड्यावरच्या बाईला यातून काय कळणार? "तुम्ही नाही म्हणालात तरी दवाखान्यातले उपचार थांबणार नाहीत," असं लिहा की सरळ. खाली संशोधक आणि समितीचे सदस्य सचिव, दोघांचे फोन नंबर लागतात. निम्म्या अर्जांत तिथे नुसत्या टिंबांची रेघ असते. अंगठा घेणार असाल तर साक्षीदार तटस्थ हवा. तुमच्याबरोबर घरोघर फिरणारी आशाताई तटस्थ धरली जात नाही.

दुसरी अडचण वयाची. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणाऱ्या एचपीव्ही लसीबद्दल कॉलेजच्या मुलींना काय माहीत आहे, हा सध्याचा लाडका विषय. पण अकरावी-बारावीच्या बहुतेक मुली अठराच्या आतल्या असतात. त्यांच्या पालकांची लेखी संमती आणि मुलीची स्वतःची लेखी तयारी, दोन्ही लागतं. प्राचार्यांचं पत्र वेगळं. ते पालकांच्या सहीची जागा घेत नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलांची तोंडी तयारी चालते, तीही पालकांसमोर.

बारा ते तेवीस महिन्यांच्या बाळांचं लसीकरण पाहणार असाल तर माता-बाल संरक्षण कार्ड मागाल. ते पुष्कळ घरांत सापडत नाही. म्हणून 'कार्ड पाहिलं' आणि 'आईनं सांगितलं' असे वेगळे रकाने ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही दोन्ही प्रकारे नोंद होते. ॲनिमियाचं प्रमाण काढायला बोट टोचणार असाल तर सूट विसरा. हिमोग्लोबिन कमी निघालेल्या बाईला कुठे पाठवणार, हे समिती हमखास विचारते. प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव आधीच लिहून टाका.

तारखेचा घोळ दर वेळी होतो. नोटिशीवर बैठकीची तारीख ठळक छापतात आणि अर्जाची मुदत कोपऱ्यात. ती बहुधा दोन-तीन आठवडे आधीच संपलेली असते. नोटीस अशी काढणाऱ्यांनाही कधी तरी कुणी विचारायला हवं. आणि कृपा करून मंजुरीचं पत्र हातात येण्याआधी एकही फॉर्म भरू नका. मंजुरी मागच्या तारखेला लागू होत नाही, ती माहिती वाया जाते. नंतर प्रश्न बदलले तर दुरुस्तीचा अर्ज पुन्हा समितीकडेच जातो.

शाळेत व्याख्यान देऊन आधीची आणि नंतरची माहिती मोजणार असाल तर तो नुसता सर्व्हे राहत नाही. त्याची सीटीआरआयवर, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्सच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी करा. १ एप्रिल २०१८ पासून पहिला सहभागी घेतल्यावर तिथे नोंदणी होत नाही, आणि नोंदणीसाठी समितीचं मंजुरीपत्र लागतं. म्हणजे आधी समिती, मग सीटीआरआय, मग शाळा.